चटणीच्या धुरात ठरवलेली गावं

अक्का, मिरच्या आणल्यात. गच्चीवर तुझ्याच जुन्या लुगड्यावर पसरल्यात. ते हिरवं इरकल, मधे विरलेलं, मिरच्यांच्या डागांनी लालसर झालेलं. विद्या म्हणाली, "काकू, दुसरं कायतरी घे की अंथरायला. आईचं हाय ते." मी म्हटलं, "दरवर्षी त्याच्यावरच वाळतात. यंदा त्याला काय झालंय?" आणि मग तुझी लेक आणि मी एकमेकींकडं न बघता देठं खुडत बसलो.

तुला माती देऊन महिना होत आला. आपल्या लिंगायतांत सुतक धरत नाहीत, पण शेजारणींना ते कोण सांगणार? समोरच्या काकींनी परवा दारातच गाठलं. "यंदा चटणी करू नगासा हां कमल. वर्साच्या आत कढई चढवत न्हाईत. मी दीन की करून." चांगल्या मनानं म्हणत होत्या बिचाऱ्या. पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अक्काच्या घरात दुसऱ्याच्या हातची चटणी? तिथनं उठून येईल ती भांडायला!" बोलून गेले आणि तिथंच, त्यांच्या पुढ्यात, ढसाढसा रडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तोंड आवर बाई जरा." आता मला आवरणारं घरात कोणी राहिलं नाही.

मला ही चटणी करायचीच होती. चटणी झाली नाही तर पुढं कुठं जायचं ते ठरणार नाही. आणि गेल्या वर्षीचं अजून ठरायचं राहिलंय.

बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसेल. चटणीचा आणि प्रवासाचा काय संबंध? पण आपल्या घरात होता. गुळाचा धंदा आपला. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत शाहूपुरीतल्या दुकानात मान वर करायला सवड नाही, आणि एकदा आवक संपली की नुसत्या माश्या मारायच्या. तेवढ्या दिवसांत वर्षातला एक प्रवास. आणि तो कुठं करायचा यावरून दोघे भाऊ असे भांडायचे, की उन्हाळा सरायचा आणि कोणी उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. तुझा नवरा साऱ्या पेठेचा अण्णा, पण घरात लहान पोरागत हट्टी. माझा नवरा त्याच्याच पाठचा. शेवटी सासूबाई वैतागल्या. "ह्यांच्या नादाला लागलात तर चौकापातूर बी जाणार न्हाईसा. तुमी दोघी जावा ठरवा. आनि ह्यांना निस्तं सांगा."

पण दोघींनी ठरवायचं कधी? दिवसभर घरात माणसं. कोणीतरी कान लावून बसलेलंच. एकच दिवस असा असायचा, की घर आपोआप रिकामं व्हायचं. चटणी भाजायचा. कढईत मिरची पडायचा अवकाश, अण्णा चप्पल शोधायला लागायचे. हे तर सकाळपासूनच गायब. सासूबाई महादेवाला. शेजारी धडाधड खिडक्या लावायचे, वर शिव्या. आणि धुरानं भरलेल्या स्वयंपाकघरात आपण दोघी, नाकाला पदर बांधून.

माझा पहिला उन्हाळा आठवतो का गं? नव्वदीचं दशक नुकतंच लागलेलं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मी "अहो अक्का, तुम्ही सांगा, तुम्ही मोठ्या," असं घोळवत होते. तू झारा कढईवर आपटलास. "हे बघ, तुमी-तुमी करून चटणी भाजत न्हाईत. अगं म्हन. न्हायतर तिकडं सोप्यात जाऊन बस." मग म्हणालीस, "आनि गाव असं ठरवायचं न्हाय. जिला आदी ठसका लागंल तिनं गप बसायचं. दुसरीनं सांगायचं. कबूल?" मी कबूल म्हटलं. मूर्ख होते. तुझा बाप मिरचीवाला शेतकरी, तू पाळण्यात असल्यापासून खळ्यावरच्या मिरच्यांशेजारी निजलेली, हे मला कुठं माहीत होतं? मिरचीचा रंग बदलायच्या आधी माझं खोकून खोकून पोट दुखायला लागलं. तू शांतपणे झारा फिरवत म्हणालीस, "गोकर्ण."

असं ते सुरू झालं. गोकर्ण, मग बदामी, मग धर्मस्थळ, श्रीशैल, शृंगेरी. दरवर्षी मी ठसकायची आणि दरवर्षी तू दक्षिणेकडचं एक गाव सांगायचीस. मला हिमालय बघायचा होता. आयुष्यात एकदा बर्फ हातात घ्यायचं होतं, एवढंच. ते म्हटलं की तुझं उत्तर तयार. "बरफ बघायला येवढं लांब कशाला? रसाच्या गाड्यावर जा. भुशात गुंडाळून ठेवलेला असतोय." एकदा मी नाकात ओला कापूस घालून बसले होते. तू ओळखलंस. गुपचूप कढईत लवंगी मिरची मूठभर जास्त टाकलीस. कापूस घातलेल्या नाकानं ठसका कसा लागतो ते तेव्हा कळलं. मरायची वेळ आली होती माझी, आणि तू पोट धरून हसत होतीस.

त्या हसण्यावरून आठवलं. अक्का, तू घरात असं कधी हसायची नाहीस. चटणीच्या दिवशी, आणि निपाणी ओलांडली की. एवढंच. शाहूपुरीतली तू थोरली सून. हळू बोलणारी, पदर नीट, पावण्यारावळ्यांत कोणाला चहा पोचला नाही यावर डोळा. पण गाडीनं निपाणी मागं टाकली, रस्त्यावरच्या पाट्या कानडी झाल्या, की तुझा आवाजच बदलायचा. चढायचा. खिडकीची जागा तू कुणाला दिली नाहीस, सासूबाईंनाही नाही. त्या खिडकीतून डोकं काढून केळीवाल्याशी, पोलिसाशी, रस्ता चुकलेल्या म्हाताऱ्याशी, सगळ्यांशी कानडीत गप्पा. आम्ही गाडीत मुक्यासारखे बसलेलो. अण्णा म्हणायचे, "ही कोण बाई बसवली रं गाडीत?" तू म्हणायचीस, "आता कळंल, मला तुमच्या गावात कसं वाटत आसंल ते."

आणि तो चहा. संकेश्वरच्या पुढं वडाच्या झाडांखाली एक फाटा होता. डावीकडं लाल मातीचा रस्ता शेतांत शिरायचा. फाट्यावर पत्र्याची टपरी. घरातनं निघून दोन तास झालेले नसायचे, पोटातला चहा अजून निवलेला नसायचा, तरी तू म्हणायचीस, "जरा थांबवा गाडी. चहा घेऊ." दरवर्षी. चहा कसला, साखरपाणी. तो कप हातात धरून तू टपरीच्या मागं जाऊन उभी राहायचीस आणि त्या लाल रस्त्याकडं बघत बसायचीस. चहा तसाच राहायचा. आम्ही चेष्टा करायचो. हे म्हणायचे, "वैनीला चहा नको, टपरीवाला सोयरा हाय तिचा."

गोकर्णाच्या त्या पहिल्या प्रवासात मी तुझ्यामागं आले होते. विचारलं, "काय बघतीस गं?" तू बोटानं दाखवलंस. "ती चिंच दिसती काय? तिच्या पल्याड देवळाचा कळस. त्याच्या पल्याड आमचं घर."

मी लगेच म्हटलं, "अगं मग जाऊया की! एवढ्या जवळ आलोय."

"कोन हाय तिथं?" तू म्हणालीस. आई गेलेली, वडील गेलेले. एकुलता भाऊ नोकरीसाठी गुजरातेत गेला तो तिकडचाच झाला. शेत वाट्यानं दिलेलं, घराला कुलूप.

"म्हणून काय झालं? बघून यायचं नुसतं."

तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही मी अंगात कापडं नसताना बाजारात जायला सांगितलं. "मुराळी यावं लागतंय गं. कुनीतरी न्यायला यावं लागतंय. न बोलवता माहेरी जायाला मी काय परकी पावनी हाय?" आणि कपातला चहा मातीत ओतून गाडीत जाऊन बसलीस.

माझं माहेर मंगळवार पेठेत. रिक्षा केली की पोचले. मला कधी कोणी न्यायला यायची गरज पडली नाही, भाजी आणायला गेले की येताना डोकावून यायची. त्यामुळं तुझं ते बोलणं मला जुनाट वाटलं. पुढं तूच एकदा कधीतरी बोललीस, की ते हिरवं इरकल तुझ्या आईनं नेसवलेलं शेवटचं. त्या खेपेला भाऊ मुराळी होऊन आला होता, एसटीनं. तुला परत आणून सोडलं आणि त्यानंतर कोणी आलं नाही. विरेपर्यंत नेसलीस. मग मिरच्यांखाली आलं.

आता मला तुझ्याशी भांडायचंय, अक्का. जिवंतपणी भांडायचं राहून गेलं. इतकी वर्षं दर उन्हाळ्याला तू जिंकत होतीस. तुझ्या तोंडून गाव निघायचं आणि दोन्ही भाऊ निमूट गाडी काढायचे. मग एकदा, फक्त एकदा, तुला तुझ्या गावाचं नाव घेता आलं नाही? घ्यायचं होतंस की! कोण नाही म्हणणार होतं? तू काय केलंस, तर त्या फाट्याच्या पुढची गावं सांगत गेलीस. मला वाटायचं, हिला देवधर्माचं वेड. पण गोकर्ण काय, श्रीशैल काय, जाताना तो फाटा लागतो. येताना लागतो. देवाला नमस्कार करून तू लगेच पिशवी आवरायला घ्यायचीस, तेही मला आठवतं. हिमालय उत्तरेला, म्हणून माझा हिमालय राहिला. एवढं सगळं केलंस, पण "मला तिथं न्या," हे तीन शब्द तुझ्या तोंडून फुटले नाहीत. इतका कसला गं ताठा?

मग रस्ता रुंद करायला घेतला. दोन-तीन वर्षं नुसती धूळ आणि वळणं. तेव्हाही तू चहाला थांबवायचीस, तोंडाला पदर लावून त्या खडीच्या ढिगाऱ्यात उभी राहायचीस. आणि हंपीला निघालो त्या वर्षी रस्ता पुरा झालेला. मधे दुभाजक, गुळगुळीत डांबर. आमचे हे खुशीत. "आता बघा कसं झुऽऽम जातंय." निपाणी गेली. संकेश्वर गेलं. तू खिडकीतून बघतेयस, बघतेयस, आणि एकदम म्हणालीस, "फाटा?"

ड्रायव्हर म्हणाला, "कवाच गेला की मावशी. झाडं काढली सगळी. टपरी बी न्हाय आता, बाजूच्या खालच्या रस्त्याला गेली."

"गाडी वळवा," असं तू म्हणशील असं मला वाटलं. तू काच वर केलीस. धारवाड गेलं, हुबळी गेली, तू शब्द बोलली नाहीस. अण्णांना वाटलं गाडी लागली. मी लिंबू कापून दिलं. ते हातात धरून बसलीस, चोखलं नाहीस. हंपीला एवढे दगड, एवढी देवळं, आणि तुझं कशाकडं लक्ष नाही. त्यानंतर तू खिडकीची जागा मला द्यायला लागलीस. मला केवढा आनंद झाला होता!

आणि गेल्या वर्षीची चटणी.

धने भाजून झाले, खोबरं झालं. मिरचीची पाटी मी उचलली. कढईत पहिली मूठ पडली, धूर अजून उठायचा होता, आणि तू खोकलीस. मला आधी खरंच वाटेना. मी झारा टाकून नाचले, अक्का. "हरलीस! हरलीस! इतक्या वर्षांनी हरलीस!" ओरडत बाहेर गेले, रस्त्यावर उभ्या असलेल्या अण्णांना सांगून आले. परत आले तर तू डोळे पुसत खोकतच होतीस. म्हणालीस, "सांग की मग. कुठं जायाचं?" मी म्हटलं, "थांब, थांब. एवढ्यात नाही सांगणार. आयुष्यात पहिल्यांदा जिंकलेय, जरा मिरवू दे." तू म्हणालीस, "मिरव बाई."

चटणी डंकावरनं कुटून आली, बरण्यांत भरली, बरण्यांची तोंडं बांधली, तरी तुझा खोकला थांबेना. चैत्रात आपल्या घरात कोणी खोकलं तर ते काय असतं, हे काय कोणी विचारतं? चटणीचा ठसका. मी म्हटलं, अण्णांनी म्हटलं, येणारा-जाणारा म्हणाला, आणि सगळ्यांत जास्त तू म्हणालीस. "काय न्हाय गं, चटनी बसलीया छातीत." ज्येष्ठ लागला तरी चटणीच. आषाढात रात्रभर खोकून सकाळी तू भिंतीला धरून उठलीस, तेव्हा अण्णांनी ऐकलं नाही, मिरजेला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? अण्णा म्हणाले, चटणीपासून. डॉक्टर कुठल्या तरी लांबच्या गावचे असावेत. त्यांना कळेचना.

मागनं विद्यानं सांगितलं, की आई त्याआधीच्या संक्रांतीला आजऱ्याला तिच्याकडं आली होती तेव्हापासूनच खोकत होती. पदरात तोंड घालून, कोणाला ऐकू जाऊ नये असं. म्हणजे तुला कळलं होतं. कळलं होतं आणि तू चटणीची वाट बघत बसलीस, चटणीच्या नावावर खपवायला. मला राग येतो तुझा. आत्ता हे लिहिताना पण येतोय. आणि दुसरंही एक डोक्यातून जात नाही. त्या दिवशी धूर उठायच्या आधी तू खोकलीस, तो आजार होता, की मला एकदा जिंकू द्यायचं तुझ्या मनात होतं? तू खोकला दाबण्यात इतकी तरबेज, तर तेवढाच एक दाबता आला नाही होय? विचारणार होते मी. खाटेशी बसून रोज विचारावं वाटायचं. रोज वाटायचं, उद्या विचारू.

त्याऐवजी तूच विचारायचीस. "ठरलं काय गं?"

"ठरवतेय की."

दवाखान्याच्या वाऱ्या पार शिमग्यापर्यंत चालल्या. प्रवास कंपन्यांची रंगीत पत्रकं मी गोळा केली होती. तुझ्या पांघरुणावर पसरून बसायचे. आज मी म्हणायची, मनाली. उद्या म्हणायची, नको, तिथं फार गर्दी, आपण दार्जिलिंगला जाऊ. परवा म्हणायची, काशी करूया, तुझंही मन राखलं जाईल. तू सगळं ऐकून घ्यायचीस. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, "मोठा प्रवास दिसतोय तुमचा." तू मान हलवायचीस.

मला एक ठाम गाव सांगायचंच नव्हतं. कधीच नव्हतं. माझ्या मनानं घेतलं होतं, की जोवर ठरत नाही तोवर तुला थांबावं लागेल. नियम तूच केलेला. गाव ऐकल्याशिवाय तू कढईपुढून उठत नव्हतीस, मग खाटेवरून कशी उठशील?

तू ओळखलंस. कापूस ओळखला होतास तसंच. एका दुपारी पत्रकं बाजूला सारलीस आणि म्हणालीस, आवाज अगदी बारीक झाला होता, "कमल, ठरीव की गं एकदाचं. ठरलं न्हाय म्हनून कुनी थांबतंय व्हय?"

मी रागावले. "काय बोलतीस? बरी हो आधी, मग ठरवू," असं काहीतरी बोलले आणि थर्मास घेऊन चहा आणायला खाली गेले. चहा आणला, तो तू प्यालीस. दोन घोट. म्हणालीस, "टपरीवानी हाय." त्यावर आपण दोघी हसलो. त्याच्यावर आणखी काय बोललो, मला आठवत नाही. पुष्कळदा आठवून बघितलं.

तू गेलीस तेव्हा मी घरी होते, डबा भरत होते.

आपल्यात माणसाला आडवं नेत नाहीत. तुला बसवलं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, नवं लुगडं, फुलांच्या माळा. फुलांनी मढवलेल्या त्या पालखीसारख्या विमानात तू ताठ बसलेली, मान किंचित डावीकडं कललेली. गाडीत बसायचीस तशी. मी इतकी माणसं जाताना बघितली, पण त्या दिवशी मला वाटलं, आता ही खिडकीतून डोकं काढून केळीवाल्याला हाक मारणार. लोक शिवाचं नाव घेत होते आणि मी मनात ओरडत होते, अगं थांब, सांगते, आत्ता सांगते, ठरलंय! कुठलं ठरलं होतं? काहीच नाही. माती टाकताना माझा हात उघडेना. ह्यांनी बोटं सोडवली.

हां, तर चटणी. आज सकाळी भाजली.

विद्या आणि मी. मी अण्णांना म्हटलं, "जावा आता तुम्ही बाहेर." ते उठले नाहीत. आयुष्यभर चप्पल हातात घेऊन पळणारा माणूस, तो सोप्यातल्या खुर्चीवर बसून राहिला. "आसू दे," म्हणाले. कढईत मिरची पडली, घर धुरानं भरलं, आणि अण्णा खोकायला लागले. डोळ्यांतून धारा. पुसतायत, खोकतायत, परत पुसतायत. विद्या उठून पाणी द्यायला निघाली, मी तिला धरून बसवलं. धुरात बसलेल्या माणसाला रडायची मोकळीक असते. तेवढी त्यांना मिळू दे म्हटलं. किती वेळ बसले होते ते तसे.

ठसका अर्थात मला आधी लागला. विद्या ढिम्म. तुझं नाक घेतलंय पोरीनं. मी खोकायची थांबले तेव्हा ती झारा फिरवत म्हणाली, अगदी तुझ्या आवाजात गं, "मी जिंकलो. खरं तुजं गेल्या वर्साचं राहिलंय काकू. आदी ते सांग. आई सारखी इचारायची मला फोनवर, काकूचं ठरलं काय म्हनून."

मग मी सांगितलं. अक्का, मला विचार करावा लागला नाही. कढईकडं बघत तुझ्या गावाचं नाव घेतलं. एवढ्या वर्षांत या स्वयंपाकघरात ते पहिल्यांदा घेतलं गेलं.

विद्याचा हात थांबला. "तिथं? तिथं कोन हाय आता?"

"कोण नाही. म्हणून तर जायचं," मी म्हटलं. "तुझ्या आईला न्यायला कोण आलं नाही ना? मी नेते. मी मुराळी."

"बाई मुराळी आसती व्हय?"

"आता हाय."

मिरच्या करपायला लागल्या, तशी मी तिच्या हातातून झारा घेतला. सोप्यातलं खोकणं थांबलं होतं. अण्णांनी ऐकलं असावं. तिकडूनच आवाज आला, "गाडी सांगतो. ऐतवारची." बस, एवढंच. कुठं, कशाला, कोण आहे तिथं, काही विचारलं नाही.

मिरचीचा हंगाम उलटलाय, रान मोकळं असेल. घराला कुलूप असेल, कदाचित घर पडलंही असेल. चिंच आहे का तोडली, माहीत नाही. तिथं जाऊन मी काय करणार, तेही माहीत नाही. कोणी विचारलं, पावणं कुठलं, तर काय सांगायचं? बघू. मला बर्फ बघायला मिळालं नाही, त्याची रुखरुख आहे, खोटं कशाला बोलू? पण ते राहू दे. माझं गाव माझ्या मर्जीनं सांगितलंय, तू मधे बोलायचं काम नाही.

मिरच्या उचलल्यावर तुझं इरकल मी झटकलं, तिखट उडून परत खोकले. धुतलं नाही. घडी करून पिशवीत घातलंय. रविवारी खिडकीशी तेच बसेल, मी अलीकडं. निपाणी गेली की काच खाली करणार आहे. ड्रायव्हरला आत्ताच सांगून ठेवलंय, नव्या रस्त्यावरून झुऽऽम जायचं नाही, संकेश्वर सोडलं की खालच्या रस्त्याला उतरायचं. टपरी सापडली तर सापडली. तो विचारेल, "मावशी, चहाला थांबू काय?" तेही सांगून ठेवलंय.

यंदा चहाला थांबायचं नाही, अक्का. वळायचं.